जीव ज्याचा, निवाडा त्याचा

इ. स. ६३२ च्या जानेवारीत मदिनेत एक लहान मूल दगावले. प्रेषित मुहम्मदांचा मुलगा इब्राहीम. वय जेमतेम दीड वर्ष. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले आणि प्रेषितांच्या शोकात आकाशही सामील झाले, अशी कुजबुज गावभर झाली. नव्याने उभ्या राहणाऱ्या धर्माच्या नेत्याला याहून सोयीची अफवा कोणती मिळणार? ती पसरवण्याचीही गरज नव्हती, नुसते गप्प राहिले असते तरी भागले असते. हदीसग्रंथांनी जपलेली हकिगत मात्र वेगळी आहे. मुलाच्या देहाजवळ ज्यांचे डोळे भरून आले होते त्याच प्रेषितांनी लोकांना नमाजसाठी एकत्र केले आणि बजावले की, सूर्य-चंद्र ही ईश्वराची चिन्हे आहेत, कोणाच्या जन्ममरणाशी त्यांच्या ग्रहणाचा संबंध नाही. रडण्याला त्यांनी मज्जाव केला नाही. आपल्या दुःखासाठी विश्वाच्या व्यवहारात खास जागा मागण्याला मात्र केला.

त्याच वर्षाच्या जूनमध्ये खुद्द प्रेषितांचा इंतकाल झाला. प्रेषितांचे सहकारी उमर यांच्यासारखा कणखर माणूस ते मानायला तयार होईना. प्रेषित गेले असे म्हणणाऱ्याची गय करणार नाही, असे ते मशिदीत गरजू लागले. तेव्हा प्रेषितांचे जुने साथी, वृद्ध अबू बक्र, प्रेषितांच्या पत्नी आयेशांच्या खोलीत गेले, चेहऱ्यावरचे वस्त्र दूर करून त्यांनी कपाळाचे चुंबन घेतले आणि बाहेर येऊन जमावाला थोडक्यात समजावले की, तुमची भक्ती मुहम्मदांवर असेल तर ते आता राहिलेले नाहीत, आणि ईश्वरावर असेल तर त्याला मरण नाही. उमर यांच्या पायांतले बळ गेले, असे वृत्तान्तकार सांगतात. एका वर्षातल्या या दोन प्रसंगांत इस्लामच्या मृत्युविचाराचा गाभा सामावला आहे. मरणाला अपवाद नाही, प्रेषितांचाही नाही. आणि जो मरतो त्याच्याकडे सार्वभौमत्वाचा कणभरही वाटा नसतो.

त्याआधीच्या अरबस्तानाची समजूत वेगळी होती. काळ माणसाला झिजवतो आणि संपवतो, त्यापलीकडे काही नाही, अशी तिथल्या शहाण्यासुरत्यांची धारणा. कुजलेल्या हाडांत पुन्हा जीव कोण घालणार, हा त्यांचा उपहासाचा प्रश्न. कुरआनने आंधळ्या काळाच्या जागी जाणता मालक आणला. प्रत्येकाची घटका ठरलेली आहे, कोणत्या भूमीत मरण येईल हे कोणालाच ठाऊक नाही, झोपेतही जीव त्याच्याच हाती असतो आणि सकाळी तो परत मिळतो. आत्म्याविषयी विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले ते असे की, ती ईश्वराच्या आज्ञेची बाब आहे आणि माणसाला त्यातले ज्ञान थोडेच दिले गेले आहे. मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये बर्झखचा पडदा, कबरीत मुनकर आणि नकीर या दोन फरिश्त्यांचे सवाल, आणि अखेरीस कयामतच्या दिवशी ज्याचा त्याने एकट्याने द्यायचा हिशेब, असा या प्रवासाचा क्रम परंपरेने लावला. जीव देणे, जीव परत घेणे आणि जिवाचा निवाडा करणे हे तिन्ही अधिकार एकाच ठिकाणी एकवटलेले असून माणसाकडे त्यांपैकी एकही नाही.

हा विचार ग्रंथांत जितका आहे त्याहून स्पष्ट अंत्यविधीत दिसतो. मय्यतीला गुस्ल, म्हणजे स्नान, दिले जाते. पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच बिनशिवणीच्या वस्त्रांचे कफन, मग तो हमाल असो वा अमीर. जनाज्याच्या नमाजला अजान नसते, रुकू नसतो, सजदाही नसतो. ‘अल्लाहु अकबर’च्या चार तकबीर उभ्यानेच होतात. समोर मृतदेह असताना कपाळ जमिनीला टेकले तर ते कोणापुढे टेकले याचा संशय राहू नये, असा त्याचा अर्थ अनेक आलिम सांगतात. मग किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेने, तोंड करून देह कबरीत ठेवायचा, प्रत्येकाने तीन मुठी माती द्यायची आणि माघारी फिरायचे. जिवंत माणसांचे काम तिथे संपते. इस्लामच्या चौदाशे वर्षांच्या इतिहासात हे काम तिथेच संपू द्यायला माणसे वारंवार नकार देत आली आहेत आणि बहुतेक वेळा तो नकार ईश्वराच्याच नावाने दिला गेला आहे.

पहिली कसोटी प्रेषितांनंतर सात वर्षांच्या आत आली. इ. स. ६३८-३९ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या अमवास येथून प्लेगची साथ पसरली. खलिफा झालेले उमर सीरियाकडे निघाले होते. हिजाझच्या सीमेवर सर्ग येथे त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांना विचारले, मदिनेच्या अन्सारांना विचारले, कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले आणि माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. सेनापती अबू उबैदा यांनी टोकले की, ईश्वराच्या विधिलिखितापासून पळ काढता काय? उमर यांचे उत्तर मुस्लिम विचारविश्वात कायमचे नोंदले गेले: एका विधिलिखिताकडून दुसऱ्या विधिलिखिताकडेच आपण चाललो आहोत, दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल तर उंट हिरव्या बाजूला चारणारा आणि उजाड बाजूला चारणारा, दोघेही ईश्वराच्याच योजनेत असतात. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी प्रेषितांची सूचना सांगितली: साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असल्यास तिथून पळू नये. अबू उबैदा आपल्या सैन्यासोबत राहिले आणि त्याच साथीत गेले. एकाने सावधपणा निवडला, दुसऱ्याने सोबत निवडली. मृत्यूची वेळ ईश्वराची असली तरी निवडीची जबाबदारी आपलीच आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते.

दुसरी कसोटी अधिक रक्तरंजित होती. इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणात खलिफा अली आणि त्यांना आव्हान देणारे मुआविया यांच्यातला तंटा लवादाकडे सोपवण्याचे ठरले, तेव्हा अलींच्याच सैन्यातला एक गट फुटला. निवाडा फक्त ईश्वराचा, माणसांनी लवाद नेमणे हेच पाप, अशी त्यांची घोषणा होती. अलींनी त्यावर जे म्हटले त्याचा आशय असा की, बोल खरा आहे, पण त्यामागचा हेतू खोटा. या खारिजी म्हणवल्या गेलेल्या लोकांनी पुढचे पाऊल टाकले आणि जो आपल्याशी सहमत नाही तो धर्माबाहेर, म्हणून त्याचे रक्त हलाल, असे ठरवले. इ. स. ६६१ च्या रमजानमध्ये कूफ्याच्या मशिदीत इब्ने मुलजम या खारिजीने अलींवर विषारी तलवार चालवली. ज्यांनी ईश्वराखेरीज कोणाचा निवाडा मानायचा नाही असे ठरवले होते, त्यांनीच एका माणसाच्या इमानाचा निवाडा केला, शिक्षा ठरवली आणि अमलातही आणली. ईश्वराच्या सार्वभौमत्वाचा सर्वांत मोठा घोष करणारा त्याचा सर्वांत मोठा अपहार करू शकतो, हा धडा इस्लामला प्रेषितांनंतरच्या पहिल्या तीस वर्षांतच मिळाला होता.

अलींनंतर सत्तेवर आलेल्या उमय्या खलिफांनी याच तत्त्वाचा दुसरा, अधिक शहाजोग उपयोग शोधला. जे घडते ते ईश्वराच्या मर्जीने, म्हणून आमचे राज्यही त्याच्याच मर्जीने आणि आमचा जुलूमही त्याच्याच योजनेत, हा युक्तिवाद राजाश्रयाने फोफावला. माणसाला कर्माचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे त्यामुळे राजद्रोह ठरले. इ. स. ७०० च्या सुमारास माबद अल जुहनी आणि पुढे खलिफा हिशामच्या काळात गैलान दमिश्की यांना ही भूमिका जिवावर बेतली. बसऱ्याच्या हसन यांच्यासारखा तपस्वी मात्र राज्यकर्त्यांचे पाप ईश्वराच्या खाती मांडायला तयार नव्हता. दोन शतकांनी अबुल हसन अल अशअरींनी मधला मार्ग मांडला: कृतीचा निर्माता ईश्वर, पण ती कमावणारा माणूस, म्हणून हिशेब माणसाचाच. तर्कशास्त्राच्या दृष्टीने या मांडणीत फटी असतील; नीतीच्या दृष्टीने तिने एक दार बंद केले. जुलमाला नशिबाचे नाव देण्याची सवलत तिने कोणालाच ठेवली नाही, गादीवर बसलेल्यालाही नाही.

आत्मा म्हणजे काय, हा प्रश्न या राजकारणाच्या बाजूने वाहत राहिला. इब्ने सिनाने अकराव्या शतकाच्या आरंभी आत्मा अशरीरी आणि अविनाशी असल्याचे ग्रीक तर्काच्या आधारे मांडले. गझालींनी त्याच शतकाच्या अखेरीस त्या परंपरेवर हल्ला चढवून देहासह पुनरुत्थानाचा आग्रह धरला. पण गझालींचे चिरस्थायी योगदान त्या वादापलीकडचे आहे. ‘इह्या उलूम अद्दीन’ या त्यांच्या महाग्रंथाचे चाळीस भाग असून उपासनेपासून जेवणाच्या शिष्टाचारापर्यंत सारा संसार त्यांत येतो, आणि चाळिसावा, अखेरचा भाग मृत्यूच्या स्मरणाचा आहे. मरण रोज आठवणाऱ्याचा बाजारातला आणि दरबारातला व्यवहार बदलतो, अशी त्यांची श्रद्धा होती. बगदादच्या निजामिया मदरशातले मानाचे पद सोडून ते निघून गेले आणि ११११ मध्ये जन्मगाव तूस येथे वारले.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर काळ्या मृत्यूने हे सारे चिंतन रस्त्यावर आणले. १३४८ मध्ये दमास्कसमध्ये असलेल्या प्रवासी इब्ने बतूताने लिहून ठेवले आहे की, तीन दिवसांच्या उपवासानंतर लोक उमय्या मशिदीत जमले आणि पहाटे अनवाणी बाहेर पडले. मुसलमान कुरआन घेऊन, यहुदी आपला ग्रंथ घेऊन, ख्रिस्ती आपले शुभवर्तमान घेऊन, बायकापोरांसह. त्याच सुमारास युरोपातल्या कित्येक शहरांत साथीचे खापर यहुद्यांवर फोडून त्यांना जिवंत जाळले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मिरवणुकीचे मोल कळते. मरण ईश्वराकडून येते ही श्रद्धा प्रामाणिक असेल तर शेजाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची गरज उरत नाही. दमास्कसचेच इब्ने कय्यिम, ज्यांनी आत्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ते या साथीनंतर दोन वर्षांनी गेले. ग्रनाडाच्या इब्नुल खतीबने मात्र साथ संसर्गाने पसरते हे अनुभवाने सिद्ध आहे, असे ठामपणे लिहिले. पुढे दरबारी वैऱ्यांनी त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला आणि १३७४ मध्ये फेझच्या तुरुंगात त्याचा गळा आवळला गेला.

दरम्यान कबरींचे रूप पालटले होते. कबर जमिनीपासून फारशी उंच नसावी, तिच्यावर बांधकाम नसावे, असे सांगणाऱ्या परंपरा हदीसमध्ये असतानाही नवव्या-दहाव्या शतकांपासून समारा आणि बुखाऱ्यात घुमट उठू लागले. दख्खनने या कलेचा कळस केला. विजापूरचा मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये गेला तो जिवंतपणीच आरंभलेल्या गोल घुमटाखाली. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट आजही थक्क करतो, पण त्याच्या गिलाव्याचे काम अपुरेच राहिले. आणि त्याच दख्खनमध्ये, त्याच शतकाच्या आगेमागे, श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ रचून आत्म्याचा शोध संतांच्या परिभाषेत घेत होते. दगडातून अमरत्व मागणारे सुलतान आणि देहाची मालकी सोडून देणारे फकीर, दोघेही एकाच कलम्याचे.

हा विरोध एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचा तर औरंगजेबाकडे वळावे लागते. आईसाठी बापाने बांधलेला ताजमहाल त्याने पाहिला होता. त्याची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, त्यानंतर औरंगाबादेत तिच्यासाठी बीबी का मकबरा उभा राहिला. भाऊ दारा शुकोह याला १६५९ मध्ये त्याने ठार मारवले, ते उलेमांकडून धर्मभ्रष्टतेचा ठपका मिळवून. म्हणजे राज्याच्या हव्यासाला ईश्वराच्या निवाड्याचा शिक्का लावून. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा त्याने केलेला छळ आणि वध महाराष्ट्र विसरलेला नाही. विसरण्याचे कारणही नाही. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये झुंजून, मराठे न जिंकता, ८८ वर्षांचा हा बादशहा ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारला मेला. मुलांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रांतला सूर विजेत्याचा नाही. एकटा आलो, परक्यासारखा जातो, पापांचे ओझे किती आणि शिक्षा काय, हे ठाऊक नाही, अशा आशयाची ती पत्रे आहेत. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन करण्याची आणि कुरआनच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटण्याची सूचना आहे. खुलताबादला सूफी जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली मातीची कबर, तीवर सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी कर्झनच्या काळातली. मकबरा आणि ही कबर यांच्यात अंतर २५ किलोमीटरांचे आणि पन्नास वर्षांचे. उभी हयात इतरांच्या जिवाचा निवाडा करण्यात घालवलेल्या माणसाला शेवटी स्वतःच्या निवाड्याचे भय वाटले, एवढेच ती माती सांगते. त्या साधेपणाने त्याची कृत्ये धुतली जात नाहीत, आणि आपण तशी समजूत करून घ्यावी, असे त्याच्या अखेरच्या पत्रांतही कुठे नाही.

अठराव्या शतकात अरबस्तानात उलटी लाट उठली. १७४४ मध्ये मुहम्मद बिन अब्दुल वहाब आणि सौद घराणे यांचा करार झाला. एकाकडे धर्मशुद्धीचा आग्रह, दुसऱ्याकडे तलवार. कबरींवरचे घुमट म्हणजे ईश्वराच्या एकत्वात भागीदारी, असे ठरले. १८०६ मध्ये मदिनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानातले घुमट पाडले गेले. उस्मानी तुर्कांनी ते पुन्हा बांधले. १९२५-२६ मध्ये सौदांनी ते पुन्हा भुईसपाट केले. प्रेषितांचे नातू हसन याच कब्रस्तानात आहेत आणि ६३२ च्या त्या ग्रहणाच्या दिवशी गेलेला छोटा इब्राहीमही. हिंदुस्थानात खिलाफत चळवळीची राख अजून गरम असताना या बातमीने मुसलमानांत उभी फूट पाडली. त्या चळवळीचे नेते मौलाना मुहम्मद अली १९२६ च्या मक्का परिषदेला गेले, ते सौद घराण्याच्या राजेपणावर नाराज होऊनच परतले. सौदी राजे आपला नियम स्वतःलाही लावतात, हे मान्य केले पाहिजे: २०१५ च्या जानेवारीत राजे अब्दुल्ला यांना ज्या दिवशी मरण आले त्याच दिवशी रियाधच्या अल ऊद कब्रस्तानात नावाशिवायच्या कबरीत पुरले गेले. पण ज्यांनी कबरीवरचे नाव पुसले त्यांनी देशावर मात्र घराण्याचे नाव कोरले. सार्वभौमत्व ईश्वराचे, हा सिद्धान्त मेलेल्यांना काटेकोरपणे लागू झाला. गादीवरच्यांना तो तितक्या काटेकोरपणे लावला गेला नाही.

विसाव्या शतकात या सिद्धान्ताला आधुनिक राज्ययंत्राचे बळ मिळाले आणि त्याचा एक मोठा भाष्यकार औरंगाबादचा निघाला. अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ मध्ये तिथला. जनतेचे सार्वभौमत्व हा ईश्वराच्या हक्कावरचा डल्ला आहे, अशी त्यांची मांडणी. १९४१ मध्ये लाहोरात त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटनासमितीने विश्वाचे सार्वभौमत्व अल्लाहचे, असे ठरावात नोंदवले. चार वर्षांतच, १९५३ मध्ये, अहमदिया पंथीयांना मुसलमान मानायचे की नाही यावरून पंजाबात दंगली पेटल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर यांच्या समितीने उलेमांना मुसलमानाची व्याख्या विचारली, तेव्हा दोघांचे उत्तर जुळेना, असा निष्कर्ष तिच्या अहवालात आहे. त्या प्रकरणात खुद्द मौदूदींना फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती कमी झाली. इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांनी हाच विचार टोकाला नेला. नासरच्या राजवटीने १९६६ मध्ये त्यांना फासावर चढवले. पुढे त्यांच्या लेखनातून स्फूर्ती घेणाऱ्यांनी मुसलमानांनाच धर्मबाह्य ठरवून मारायला सुरुवात केली आणि सिफ्फीनचा इतिहास तेराशे वर्षांनी पुन्हा घडला. मुस्लिम ब्रदरहुडचेच प्रमुख हसन अल हुदैबी यांच्या नावे, आपण प्रचारक आहोत, न्यायाधीश नव्हे, असे बजावणारे पुस्तक आहे. पण ज्यांनी वाचायला हवे होते त्यांनी ते वाचले नाही. २०१२ मध्ये माली देशातल्या तिंबक्तूत सूफींच्या समाध्या फोडल्या गेल्या त्याही ईश्वराच्या एकत्वाच्याच नावाने.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका मुसलमानाने आपल्या मृत्यूविषयी वेगळा निर्णय घेतला. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता त्यांना अग्नी दिला गेला. श्रद्धावंत मुसलमानाला हे पटणार नाही आणि पटावे अशी सक्तीही नाही. पण दलवाईंचा अखेरचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, हे मान्य करणाऱ्यालाच दफनाचा हक्क मागण्याचे नैतिक बळ मिळते.

त्या हक्काची कसोटी २०२० मध्ये लागली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने करोनाने गेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि काही तासांतच ते मागे घ्यावे लागले. वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन थांबवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. श्रीलंकेने मात्र शास्त्राचा आधार नसताना जवळजवळ वर्षभर सक्तीचे दहन चालवले. डिसेंबर २०२० मध्ये वीस दिवसांच्या एका बाळाला आईबापांच्या इच्छेविरुद्ध अग्नी दिला गेला आणि लोकांनी स्मशानाच्या फाटकाला पांढरी वस्त्रे बांधून निषेध केला. २०२१ च्या फेब्रुवारीत ती सक्ती उठली, २०२४ मध्ये सरकारने माफी मागितली. याच साथीत मरण ठरलेलेच आहे तर मशिदी कशाला बंद करता, असे विचारणारे मुसलमानही होते; सर्गच्या मुक्कामी उमर यांनी दिलेले उत्तर त्यांच्या गावीही नव्हते. आणि साथीचे खापर तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या लोकांवर फोडणाऱ्यांना दमास्कस आणि युरोप यांच्यातला १३४८ चा फरक ठाऊक नव्हता. परदेशी तबलिगींना बळीचे बकरे केले गेले, असे औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये नोंदवले, तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. मुंबईत त्याच महिन्यांत कब्रस्तानाशी संबंधित मुस्लिम स्वयंसेवक नातलग पुढे न आलेल्या हिंदू मृतांनाही स्मशानात पोचवत होते.

त्यानंतर वाद पुन्हा खुलताबादेत आला. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर उखडण्याची मागणी झाली, १७ तारखेला नागपुरात दंगल उसळली, त्यात एकाचा जीव गेला आणि पुरातत्त्व खात्याने कबरीभोवती पत्रे ठोकले. औरंगजेबाच्या कृत्यांचा निवाडा इतिहासाने करावा, कठोरपणे करावा. पुरावे मांडून, संभाजी महाराजांच्या छळाविषयी एक शब्दही मऊ न करता करावा. तो अभ्यासकाचा आणि समाजाचा अधिकार आहे. मातीला शिक्षा करणे हे वेगळे काम आहे, आणि ते १८०६ च्या वहाबींनी व २०१२ च्या तिंबक्तूतल्या कुदळवाल्यांनी आपल्या आधी करून पाहिले आहे. त्यांच्या रांगेत आपण उभे राहायचे का, याचा विचार मराठी माणसाने करावा. दुसऱ्या बाजूला, जे मुसलमान या बादशहाला पीर करून त्याच्या नावाचे स्टेटस ठेवतात, त्यांनी त्याच्याच कबरीचे म्हणणे नाकारले आहे. ज्याला स्वतःच्या मुक्तीची खात्री नव्हती त्याची मुक्ती हे परस्पर जाहीर करत आहेत.

इस्लामची मृत्यूविषयीची शिकवण अनेकदा परलोकाची गोष्ट म्हणून बाजूला ठेवली जाते. तिचा खरा बोचरा भाग या लोकातल्या सत्तेसाठी आहे. जिवावर, मरणावर आणि मृताच्या निवाड्यावर माणसाचा हक्क नाही, हे मान्य केले की खलिफाला नशिबाआड लपता येत नाही, धर्मरक्षकाला कोणाचे इमान तपासून मारता येत नाही, सुलतानाला दगडात जगत राहता येत नाही आणि सरकारला मृतदेहावर हुकूमत गाजवता येत नाही. त्या श्रद्धेवाचूनही या मर्यादा पाळता येतात. आपली राज्यघटना त्याच मर्यादा वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या पायावर घालते. मर्यादा घालणारे सूत्र जेव्हा जेव्हा मर्यादेतून सुटण्यासाठी वापरले गेले, तेव्हा तेव्हा पुढच्या पिढीला ते नव्याने शिकावे लागले, आणि त्या शिकवणीचे शुल्क सिफ्फीनपासून नागपूरपर्यंत बहुतेक वेळा अशाच लोकांनी भरले ज्यांचा मूळ वादाशी काहीही संबंध नव्हता. इतिहास मेलेल्यांचा आपण वाचतो तो जिवंतांचे जीव वाचावेत म्हणून. तेवढे साधले नाही, तर कबर ठेवली काय आणि उखडली काय, आपण काहीच शिकलेलो नाही.